गाडीतलं कूलंट संपत नसतं. मग ते जातं कुठे?

जोडून सुट्ट्या आल्या की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात रांगा लागतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: गाड्या गरम होऊन बंद पडल्याने कोंडीत भर पडली. वाचणाऱ्याला वाटतं, चढ होता, ऊन होतं, गाडी तापली, त्यात कोणाचा काय दोष? पण त्याच चढावर, त्याच उन्हात, त्याच रांगेतून शेकडो गाड्या काही न होता वर जातात. बंद पडलेल्या बहुतेक गाड्यांत घाटाने नवा बिघाड केलेला नसतो. सपाटीवर लपून राहिलेला जुना बिघाड घाटात उघडा पडतो, एवढंच. आणि त्याची खूण बहुधा काही आठवडे आधीच दिसलेली असते: बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरलेली होती आणि कोणीतरी त्यात पाणी ओतून झाकण लावून टाकलं होतं.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. इंजिन थंड ठेवणारं कूलंट पेट्रोलसारखं जळत नाही. ते बंद नळ्यांमधून फिरत राहतं. वर्ष-दोन वर्षांत पातळी किंचित उतरली तर समजू शकतो. पण दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय. ते कुठून जातंय हे शोधल्याशिवाय वरून भरत राहणं म्हणजे इंजिनाचा खर्च पुढे ढकलून वाढवणं.

एवढी उष्णता येते कुठून?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. त्यातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. बाकीची उष्णता होते. काही सायलेन्सरमधून धुरासोबत जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या धातूत शिरते. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी ताशी ८० च्या वेगाने चालली, तर तासाला ५ लिटर पेट्रोल म्हणजे ४५ किलोवॅट. त्यातले १२ ते १५ किलोवॅट कूलंटला उचलून बाहेर टाकावे लागतात. बाथरूममधले २ किलोवॅटचे सहा-सात गीझर एकदम चालू ठेवले तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी.

सिलिंडरच्या आत जळणाऱ्या वायूंचं तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, हल्ली ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. वितळण्याची वेळ सहसा येत नाही, कारण त्याच्या खूप आधी हेड वाकतं. ते वाकण्यापासून वाचवण्यासाठीच ही सगळी यंत्रणा आहे.

फेरा कसा असतो

ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर असलेला खालचा भाग, आणि हेड यांच्या आत कूलंटसाठी पोकळ वाटा असतात. वॉटर पंप, गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, कूलंटला त्यांतून ढकलतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. तापलेलं कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. तिथे बारीक चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्यांच्या जाळ्या असतात. समोरून येणारी हवा त्या जाळ्यांतली उष्णता घेऊन जाते. थंड झालेलं कूलंट परत इंजिनात. गाडी उभी असेल किंवा रांगेत रांगत असेल तेव्हा समोरून वारा येत नाही, म्हणून मागे विजेवर चालणारा पंखा असतो. कूलंट ठरावीक तापमानाला पोचलं की तो आपोआप सुरू होतो.

या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप आहे. तिच्या आत मेण असतं. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतं, म्हणजे ते लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. या झडपेवर पुढे पुन्हा यायचं आहे, कारण तिच्यावर फार अन्याय होतो.

रेडिएटर किती उष्णता टाकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ७०. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हवा ४५ वर गेली की फरक ५०. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के कमी काम करतो. नवी, धडधाकट गाडी हे सहन करते, कारण कंपनीने तेवढी जागा सोडलेली असते. रेडिएटर आतून अर्धा चोंदलेला असेल तर ती जागा आधीच संपलेली असते.

झाकणाचं काम

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचं किंवा बाटलीचं दाब धरणारं झाकण. ते नुसतं सांडू नये म्हणून नसतं.

पाणी किती अंशांना उकळेल हे त्यावरच्या दाबावर अवलंबून असतं. मुंबईत ते १०० अंशांना उकळतं, तर महाबळेश्वरला साडेतेराशे मीटर उंचीवर ९५-९६ अंशांनाच. दाब कमी, उकळबिंदू कमी. गाडीचं झाकण याच्या उलट करतं. त्यातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ ते १.१ बारने वाढू देते. एक बार म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडून झाकण निम्म्या दाबालाच उघडू लागलं, तर ही मर्यादा ११० वर येते. आणि एकदा कूलंट उकळलं की गणित झपाट्याने बिघडतं, कारण धातूला चिकटलेली वाफ द्रवाइतकी उष्णता उचलू शकत नाही. ती जागा आणखी तापते, आणखी वाफ होते, वाफ कूलंटला बाहेर रेटते.

झाकणात आणखी एक छोटी झडप असते. इंजिन थंड होताना आत कूलंट आकसतं, तेव्हा बाटलीतलं कूलंट या झडपेतून परत आत ओढलं जातं. ही झडप अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा होत जातो. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचा वरचा रबरी पाइप आत पिचकलेला दिसला, तर संशय इथेच घ्यावा. काही गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण नसतं, बाटलीच दाबाखाली असते. तिथे बाटलीतली पातळी तेवढी फसवत नाही.

“आपल्याकडे कुठे बर्फ पडतं? साधं पाणी का नको?”

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यांनी पद्मिनी-अँबॅसेडरच्या काळात पाण्यावर गाड्या चालवलेल्याही आहेत. तेव्हाचे रेडिएटर तांबे-पितळेचे असत, उघडून आतून साफ करता येत. आजचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेले आणि नळ्या फार बारीक.

कूलंट म्हणजे पाणी, इथिलिन ग्लायकॉल नावाचा द्रव आणि गंजरोधक रसायनं. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, हे लडाखला जाणाऱ्यांच्या कामाचं. आपल्या कामाचं दुसरंच: तेच मिश्रण उकळतंही उशिरा, आणि त्यातली रसायनं ॲल्युमिनियम, लोखंड व सोल्डर यांना गंजू देत नाहीत. पंपाचं सीलही त्यामुळे जास्त टिकतं. साध्या पाण्यात यातलं काहीच नाही. त्यात आपलं बोअरचं पाणी. मराठवाड्यात किंवा सोलापूर भागात ज्यांच्या घरच्या भांड्यांवर, नळांवर पांढरा थर बसतो, त्यांनी तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसलेला डोळ्यांसमोर आणावा. कूलंटचं घट्ट द्रावण आणलं असेल तर त्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीच घालायचं.

मग नुसतं शंभर टक्के कूलंट घातलं तर आणखी चांगलं? नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. ग्लायकॉलचं प्रमाण फार वाढवलं की थंड करण्याची क्षमता घटते. याच्या उलट चूकही सर्रास होते: दुकानात तयार मिश्रण मिळतं, त्यात कोणी पुन्हा पाणी मिसळतं आणि गंजरोधक अर्ध्यावर आणतं. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून मगच पाण्याला हात लावावा.

रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, हेही सांगायला हवं. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे नुसते रंग आहेत आणि कंपनीगणिक ते बदलतात. आतली गंजरोधक रसायनं वेगळ्या जातीची असतात आणि दोन जाती मिसळल्या की त्यांची ताकद जाते, क्वचित चिकट गाळही धरतो. म्हणून मालकाच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच आणावा. वाटेत अडचणीत पिण्याचं पाणी घालून घरी पोचणं योग्यच आहे. फक्त नंतर ते काढून नीट मिश्रण भरायचं.

आणि एक कळकळीची सूचना. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं, जीव घेऊ शकतं. उरलेलं कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. पार्किंगमध्ये सांडलेलं लगेच धुऊन काढा. कुत्री-मांजरं ते चाटतात.

गाडी केव्हा तापते, हे आधी सांगा

गॅरेजमध्ये “गाडी हीट होते” एवढं सांगून काही कळत नाही. केव्हा तापते हे सांगितलं की निम्मं निदान होतं.

सिग्नलला, रांगेत तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो? मग वारा मिळाला की सुधारतंय, म्हणजे पंख्याकडे बघायचं. पंख्याची मोटर, फ्यूज, रिले किंवा वायर. पार्किंगमध्ये उंदरांचा वावर असेल तर वायर कुरतडली आहे का हे सर्वांत आधी पाहावं, पावसाळ्यात तर नक्की. सोपी चाचणी अशी: इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा सुरू होतो. एसी लावूनही तो हलला नाही, तर दोष मोटर किंवा तिच्या वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता जास्त.

उलट, गावात ठीक आणि हायवेवर वेग धरला किंवा चढ लागला की तापते? वारा भरपूर आहे, तरी उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणारा, पंपाची पाती झिजलेली किंवा कूलंटच कमी. रेडिएटर बाहेरूनही चोंदतो. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी तशीच जाळी, त्याच्या पुढे असतो आणि दोघांच्या फटीत धूळ, किडे, पाचटाची कुसं जमून बसतात. समोरून पाहिलं तर काही दिसत नाही. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळ्या वाकतात.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. अशा वेळी इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचा एक पाइप कढत आणि दुसरा थंड राहतो. कधीच पुरेशी तापत नाही, मायलेज घसरलंय, हिवाळ्यात हीटरमधून कोमट हवा येते? मग तो उघडा अडकलाय. काटा उगाच वर-खाली होत असेल तर आत हवा अडकलेली असते किंवा पातळी उतरलेली असते.

काट्याविषयी दोन गोष्टी माहीत असाव्यात. अनेक गाड्यांत काटा मधल्या मोठ्या टप्प्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तो हलू लागतो तेव्हा तापमान बरंच वर गेलेलं असतं. काही गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असायला हवा. कूलंट सगळं वाहून गेलं तर तो हवेत उघडा पडतो आणि चुकीचं, कमी तापमान दाखवू शकतो. तापत असलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका, गाडी थांबवा. शंका असेल तर ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायच्या खाचेला, लावायचं स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर घ्यावं. मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. मला हा खर्च पूर्ण सार्थ वाटतो.

खाली एक थेंब नाही, तरी पातळी उतरते

आधी बाहेरची गळती खरंच नाही ना, हे पाहायचं. कूलंट तापलेल्या इंजिनावर पडून वाळतं, जमिनीपर्यंत पोचतच नाही. मागे राहतो तो पांढुरका किंवा रंगीत डाग: होजपाइपच्या क्लॅम्पजवळ, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यावर, पंपाखालच्या बारीक भोकापाशी. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे ओल किंवा डाग दिसला तर पंपाचं सील गेलं. पायाखालची मॅट ओली आणि आत गोडसर वास असेल तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. चांगल्या गॅरेजमध्ये हातपंपाने थंड इंजिनात दाब भरून पाहतात. दाब उतरला की गळती आहेच, आणि ती दिसतेही.

यातलं काहीच नसेल तर हेड गॅसकेटची तपासणी करावी. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसणारा हा पातळ थर तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: जळणारे वायू, ऑइल आणि कूलंट. इंजिन एकदा बेदम तापलं की हेड वाकतं आणि हा थर फाटतो. मग कूलंट सिलिंडरमध्ये शिरून सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो, इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नाही. वायू कूलंटमध्ये शिरले तर बाटलीत सतत बुडबुडे येतात आणि पाइप दगडासारखे कडक होतात. ऑइलमध्ये शिरलं तर ऑइल दुधाळ दिसतं. मात्र पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढुरका थर नुसत्या दमटपणामुळेही येतो. तेवढ्यावरून इंजिन उघडायला होकार देऊ नका. डिपस्टिकवरचं ऑइल पाहा आणि रसायनाची चाचणी मागा. बाटलीच्या तोंडावर निळा द्रव असलेली नळी धरतात. जळलेले वायू त्यातून गेले की द्रव पिवळा होतो. काही मिनिटांचं काम असतं, आणि मोठा खर्च करण्याआधी पुरावा हातात येतो.

“थर्मोस्टॅट काढून टाकतो, परत तापणार नाही”

हा सल्ला अजून मिळतो आणि तो चुकीचा आहे. झडप काढली की इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ लागतो. इंजिन थंड आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल देत राहतो, ऑइलमधली आर्द्रता उडून जात नाही, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हीच झडप रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करते. झडपच नसेल तर बरंचसं कूलंट आडवाटेने फिरत राहतं आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट इंजिनाच्या दुरुस्तीपुढे काहीच महाग नाही.

गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांकडून चालत आलाय. आडरानात, दुसरा इलाज नसताना तो समजू शकतो. पण जी पूड छिद्र बुजवते तीच बारीक नळ्याही बुजवते. बाटलीबंद लीक-स्टॉपचंही तेच.

घाटात काटा चढू लागला तर

लाल रेषेला अजून पोचला नसेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात. उन्हाळ्यात हे ऐकून माणसं चिडतात, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. थोडी का होईना, उष्णता काढतो. सुरक्षित जागा मिळताच बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये ठेवा, पंखा फिरतोय का पाहा. काटा लालमध्ये गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ निघाली तर वाट पाहायची नाही, इंजिन लगेच बंद. “अजून दोन किलोमीटरवर पेट्रोल पंप आहे” म्हणून ओढलेल्या दोन किलोमीटरांत हेड वाकतं.

झाकण उघडायचं नाही. दाब गेला की आतलं शंभरीपार कूलंट त्या क्षणी उकळून तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप हाताने दाबता येईल इतका गार आणि मऊ झाला की कपडा धरून हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात किंवा त्याच्यावर गार पाणी ओतू नका; धातूला तडा जातो. पुन्हा भरल्यावर चालवताना पातळी टिकत नसेल तर टो करणंच स्वस्त.

देखभाल

महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, बाटलीतली पातळी दोन रेषांच्या मध्ये आहे का पाहावी आणि ती तारखेसह लिहून ठेवावी. माझ्या मते एवढी एक सवय इतर सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण हळू गळती फक्त नोंदीतच दिसते. सोबत पाइप दाबून पाहायचे: फुगलेला, भेगाळलेला किंवा लिबलिबीत झालेला पाइप घाटाआधी बदलायचा. जुन्या प्रकारचं कूलंट साधारण दोन वर्षांनी किंवा ४० हजार किलोमीटरला बदलतात. दीर्घकाळ टिकणारी त्याहून बरीच जास्त चालतात. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्यावा, कारण नंतर पंपासाठी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. विजेवरच्या गाडीत इंजिन नाही म्हणून हा विषय संपत नाही. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत बॅटरी द्रवानेच थंड ठेवतात. तिथे पातळी नुसती पाहायची. भरायचं काम सर्व्हिस सेंटरचं.

कूलंट बदलताना जुनं पूर्ण काढून, आतून धुऊन, नवं भरल्यावर अडकलेली हवा काढणं फार महत्त्वाचं. हीटर गरम ठेवून, इंजिन चालू ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत भरायचं असतं. हे घाईत केलं की हेडमध्ये हवेचा कप्पा राहतो आणि नव्या कूलंटची गाडी पहिल्याच चढावर तापते. गॅरेजमधून गाडी आणली की दुसऱ्या दिवशी सकाळी, सुरू करण्याआधी, पातळी पुन्हा पाहा. हवा निघून ती थोडी उतरली असेल तर त्याच मिश्रणाने भरा. आठवड्याने पुन्हा उतरली तर गाडी परत घेऊन जा आणि दाबाची चाचणी समोर करून मागा.